शेतातल्या काळ्या मातीची भांडी: तडे का जातात, वाटी का वितळते आणि पुढे काय करावे

प्रश्नकर्त्याची अडचण थोडक्यात अशी आहे. संगमनेर तालुक्यातल्या स्वतःच्या शेतातून त्यांनी काळी माती आणली, पाण्यात भिजवून मळली आणि तिच्या वाट्या व पेले केले. त्यांतले बहुतेक सावलीत वाळतानाच तडकले. जी एक वाटी वाचली, ती त्यांनी शहरातल्या एका स्टुडिओत विजेच्या भट्टीत १२२० अंश सेल्सिअसला भाजायला दिली, तेव्हा ती वितळून शेल्फला चिकटली. ही माती निरुपयोगी आहे का, तयार माती विकत घेऊनच शिकावे का, आणि या मातीच्या पेल्यातून चहा पिता येईल का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

माती निरुपयोगी नाही. तुम्ही तिला दोन अशी कामे सांगितलीत जी तिच्या घडणीत बसत नाहीत: एक म्हणजे वाळू, ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) किंवा लीद असे काहीही न मिसळता एकटीने वाळणे, आणि दुसरे म्हणजे स्टोनवेअरच्या, म्हणजे १२०० अंशांच्या आसपास भाजून घट्ट होणाऱ्या भांड्यांच्या, तापमानाला टिकणे. पिशवीतून येणारी तयार माती ही एका ठरावीक तापमानासाठी, चार-पाच घटक मोजून मिसळून बनवलेली असते. शेतातली माती तशी नसते, त्यामुळे तिच्या बाबतीत क्रम उलटा लावावा लागतो. आधी माती काय करते ते पाहायचे आणि मग भांडे, भट्टी व तापमान ठरवायचे. मी स्वतः हे वीसेक वर्षे करतो आहे आणि सुरुवातीला माझ्याकडूनही नेमकी हीच चूक झाली होती; दुसऱ्याच्या भट्टीतल्या दोन शेल्फ मला भरून द्याव्या लागल्या. तेव्हा त्या वाटीबद्दल फार खंत करू नका.

तुमची माती कुठून आली हे समजले की दोन्ही अपघातांचे कारण कळते. प्रवरेच्या खोऱ्यातली काळी माती दख्खनच्या बेसॉल्टची, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या खडकाची झीज होऊन बनली आहे. बेसॉल्टमध्ये सिलिका साधारण निम्मीच असते; उरलेल्या भागात लोह, चुना आणि मॅग्नेशियम भरपूर असते. कमी पावसाच्या, सपाट, निचरा मंद असलेल्या पठारावर या खडकापासून मॉन्टमोरिलोनाइट गटातली खनिजे तयार होतात. त्यांचे कण अतिशय बारीक, पापुद्र्यांसारखे असतात आणि पापुद्र्यांच्या मधल्या जागेतही पाणी शिरते. उन्हाळ्यात शेताला ज्या हातभर खोल भेगा पडतात आणि पहिल्या पावसानंतर ज्या आपोआप मिटतात, त्या याच गुणामुळे. तुमच्या वाटीला गेलेला तडा म्हणजे त्याच भेगेची छोटी आवृत्ती होय. तसेच लोह, चुना आणि मॅग्नेशियम हे तिन्ही उष्णतेत द्रावकाचे काम करतात, म्हणजे सिलिकेला लवकर वितळवतात. म्हणून ही माती साधारण ११०० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते आणि १२२० ला तिचे भांडे राहत नाही, काच होते.

सह्याद्री ओलांडून कोकणात उतरले की चित्र बदलते. तिथल्या मुसळधार पावसाने खडकातला चुना, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिकाही धुऊन नेली आहे आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे आणि केओलिन गटातली खनिजे उरली आहेत. जांभा दगड हा त्याचाच एक प्रकार. जांभ्याच्या प्रदेशातल्या ओढ्याकाठी सापडणारी चिकणमाती कमी आकसते आणि जास्त ताप सहन करते, मात्र हाताला ती बरेचदा ‘तोकडी’ लागते, म्हणजे वाकवली की मोडते. सिंधुदुर्गात तर चायना क्लेचे, म्हणजे पांढऱ्या केओलिन मातीचे, साठेच आहेत. चंद्रपूरकडे कोळशाच्या थरांबरोबर येणारी अग्निजित, म्हणजे खूप ताप सोसणारी, माती मिळते. भद्रावतीच्या ग्रामोद्योगी कुंभारकामाला तिथल्या मातीचा मोठा आधार मिळाला. त्यामुळे कोकणातल्या एखाद्याने ‘मी तर आमच्या ओढ्याची माती सरळ १२०० ला भाजतो’ असे सांगितले, तर ते खोटे नसेल. फक्त ते तुमच्या उपयोगाचे नाही.

काळ्या मातीच्या प्रदेशात चांगली भांडी होतच नाहीत, असा समज मी शहरी कलाशाळांतून अनेकदा ऐकला आहे. त्याला उत्तर तुमच्याच तालुक्यात आहे. प्रवरेकाठचे जोर्वे हे गाव संगमनेरपासून अगदी जवळ आहे आणि त्याच्या नावाने ओळखली जाणारी ताम्रपाषाणयुगीन भांडी इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते १००० या काळातली आहेत. ती चाकावर केलेली, पातळ अंगाची, लाल लेपावर काळ्या रंगाने नक्षी काढलेली आणि इतकी नीट भाजलेली आहेत की टिचकी मारली तर खणखणीत आवाज येतो. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव येथे जे उत्खनन केले, त्यात अशी भांडी मोठ्या प्रमाणात मिळाली. त्या कुंभारांजवळ पिशवीतली माती नव्हती. त्यांच्याजवळ होता तो याच नद्यांचा गाळ. मात्र शेतातली काळी माती आणि नदीचा निवडलेला गाळ यांत फरक आहे.

म्हणून पहिली सूचना अशी की माती शेताच्या वरच्या थरातून घेऊ नका. वरच्या वीतभर थरात मुळे, खते, शेणखताचे अवशेष आणि चुनखडीचे खडे असतात. त्याऐवजी नदीच्या आतल्या वळणावर, जिथे पूर ओसरताना पाणी संथ होते, तिथला गाळ पाहावा. किंवा जुन्या पाझर तलावाच्या तळाचा. २०१७ मध्ये राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू झाली तेव्हापासून उन्हाळ्यात अनेक तलावांतून गाळ निघतो आणि शेतकरी तो ट्रॅक्टरने नेतात. तुम्हाला त्यातली दोन पोती पुरेत, आणि एकाच ठिकाणच्या खड्ड्यात वरपासून खालपर्यंतचे थर उघडे पडलेले पाहायला मिळतात हा त्याचा खरा फायदा आहे. प्रत्येक थराची वेगळी पिशवी करा. विहिरीचे किंवा रस्त्याचे काम चालू असेल तर तिथेही मुरमाच्या वरचा पिवळसर थर पाहावा. तो काळ्या मातीपेक्षा कमी आकसतो असा माझा अनुभव आहे. साधी माती कायद्याने गौण खनिजांत मोडते. जागामालकाची परवानगी घेऊन चाचणीपुरती घमेलेभर माती घेणे वेगळे आणि ट्रॉली भरून उचलणे वेगळे. दुसऱ्या प्रकारासाठी महसूल कार्यालयाची परवानगी लागते, तेव्हा आधी तलाठ्यांना विचारावे. कारखान्याच्या किंवा शहराच्या सांडपाण्याच्या नाल्याची माती मात्र कितीही चिकट असली तरी घेऊ नये, कारण त्यातले जड धातू धुऊन जात नाहीत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उतरताना पायांत गमबूट आणि हातांत मोजे असावेत. लेप्टोस्पायरोसिसचा धोका हा केवळ भातशेती करणाऱ्यांनाच असतो असे नाही.

खड्ड्यावरच करायच्या दोन तपासण्या आहेत. ओल्या मातीची पेन्सिलीएवढी जाड वळी करून ती बोटाभोवती गुंडाळा. तडा न जाता वेढा बसला तर मातीत पुरेसा चिवटपणा आहे. दुसरी, सुक्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाका आणि कान जवळ नेऊन ऐका. फसफसले तर त्यात चुना आहे. आमच्या भागातले एक वृद्ध कुंभार माती दातांखाली धरून पाहतात आणि रेव किती आहे ते सांगतात. त्यांचा अंदाज माझ्या चाळणीशी बहुधा जुळतो, पण नवख्याने हे करू नये हे वेगळे सांगायला नको.

घरी आणल्यावर माती पूर्ण वाळवा आणि मगच पाण्यात टाका. ओलसर ढेकूळ पाण्यात तसेच पडून राहते, पण कडकडीत वाळलेले ढेकूळ पाणी शोषून काही मिनिटांत आपोआप विरघळल्यासारखे ढासळते. मातीच्या तिप्पट-चौपट पाणी घ्या, एक रात्र ठेवा, काठीने ढवळा, एक मिनिट थांबा आणि वरचे गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता. तळाशी राहिलेली रेती आणि खडे फेकू नका, त्यांचे काम पुढे आहे. ओतलेला गाळ आधी ३० आणि मग ६० मेशच्या चाळणीतून गाळावा. ६० मेशची भोके साधारण पाव मिलिमीटरची असतात आणि चुनखडीचा प्रश्न असलेल्या मातीत ही दुसरी चाळणी टाळता येत नाही. मग गाळ निवळू द्या, वरचे पाणी काढून टाका, नवे पाणी घाला आणि पुन्हा निवळू द्या. सिंचनाखालच्या जमिनीत क्षार बरेच असतात. ते भांडे वाळताना पृष्ठभागावर येतात आणि भाजल्यावर पांढरा थर दिसतो. दोन-तीन वेळा पाणी बदलले की हा त्रास पुष्कळ कमी होतो.

कधीकधी चार दिवस झाले तरी पाणी निवळत नाही. अशी माती बहुधा चोपण जमिनीतली, सोडियम जास्त असलेली असते. सोडियममुळे कण एकमेकांना ढकलतात आणि तरंगत राहतात. बादलीत चमचाभर एप्सम सॉल्ट गरम पाण्यात विरघळवून घातले की दुसऱ्या दिवशी गाळ खाली बसलेला दिसतो. निवळलेला दाट गाळ जुन्या सुती चादरीत बांधून टांगा किंवा कौलांवर पसरा, आणि मळण्याजोगा झाला की प्लास्टिकमध्ये गुंडाळून निदान एक महिना मुरू द्या. ताजी माती आणि मुरलेली माती यांत चाकावर जो फरक जाणवतो, तो वाचून कळण्यासारखा नाही.

आता मुख्य गोष्ट. पहिले तीन महिने भांडी करू नका, पट्ट्या करा. हा सल्ला कुणालाच आवडत नाही, मलाही आवडला नव्हता. पण एका वाटीच्या अपयशातून काहीच समजत नाही, कारण तिथे मातीचा दोष, जाडीचा दोष, वाळवण्यातली घाई आणि भट्टीचा ताप असे सगळे एकदम मिसळलेले असते. पट्टी तेरा-चौदा सेंटिमीटर लांब, तीन रुंद आणि एक जाड असावी. ओली असतानाच तिच्यावर सुरीच्या टोकाने बरोबर शंभर मिलिमीटर अंतराच्या दोन खुणा कराव्यात. वाळल्यावर आणि भाजल्यावर त्या खुणांमधले अंतर मोजले की जितके मिलिमीटर कमी, तितके टक्के आकसणे. हिशेबच करावा लागत नाही. पट्टीवर मातीचा क्रमांक, मिश्रणाचे प्रमाण आणि तारीख ओली असतानाच कोरा. कागदी चिठ्ठ्या भट्टीत जळतात आणि आठवण त्याहून लवकर जाते.

चांगली वागणारी कुंभारी माती वाळताना साधारण पाच ते आठ टक्के आकसते. काळी माती न मिसळता वापरली तर बारा-पंधरा टक्के सहज भरतात. माझ्या एका नमुन्याची पट्टी इतकी वळली की ती मोजताच आली नाही. उपाय एकच: तिच्यात असे काहीतरी मिसळायचे जे पाण्याने फुगत नाही. सुक्या मातीच्या वजनाच्या शंभर भागांना २०, ३० आणि ४० भाग वाळू, अशी तीन मिश्रणे करा. इथे एक खाचखळगा आहे जो तयार मातीवर शिकलेल्यांना ठाऊक नसतो. दख्खनच्या नद्यांची वाळू ही बहुतांशी बेसॉल्टचाच चुरा असते, आणि तिच्यात चुनखडीचे कणही असतात. म्हणून वाळूवरही व्हिनेगर टाकून पाहा. फसफसली तर ती वाळू नको. कोकणातल्यांनी समुद्राची पुळण तर मुळीच वापरू नये, तिच्यात शिंपल्यांचा चुरा म्हणजे निव्वळ चुना असतो. त्यापेक्षा भाजलेल्या मातीचा चुरा, ज्याला स्टुडिओत ग्रॉग म्हणतात, तो उत्तम. तुमची तडकलेली भांडी हलकी भाजून, कुटून, चाळून घेतली तर ग्रॉग घरचाच होतो. कुटताना नाकावर चांगल्या प्रतीचा मास्क हवा आणि शक्यतो चुरा ओला करूनच हाताळावा. सिलिकाची धूळ फुप्फुसात एकदा बसली की निघत नाही.

याहून एक सूक्ष्म उपाय मला फार उपयोगी पडला आहे. काळ्या मातीचाच काही भाग सुकी पूड करून, जुन्या भाजलेल्या वाडग्यात भरून, भट्टीत सुमारे ७०० अंशांपर्यंत तापवायचा. या तापमानाला खनिजांच्या रचनेतले पाणी कायमचे जाते आणि फुगण्याचा गुण संपतो, पण रासायनिक घटक तेच राहतात. ही भाजलेली पूड कच्च्या मातीत एक चतुर्थांश ते एक तृतीयांश मिसळली की आकसणे स्पष्टपणे उतरते आणि भांड्याचा रंग व पोत त्याच मातीचा राहतो. वाळू घातलेली माती बोटांना खरखरीत लागते. या पद्धतीने ती तशी लागत नाही.

कुंभारांची जुनी पद्धत म्हणजे घोड्याची किंवा गाढवाची लीद चाळून मिसळणे. लिदीतले तंतू ओल्या भांड्याला धरून ठेवतात, आतला ओलावा बाहेर यायला वाट देतात, आणि भट्टीत जळून गेल्यावर जी सूक्ष्म पोकळी उरते तिच्यामुळे माठातले पाणी गार राहते. शहरातली मंडळी याला नाके मुरडतात, पण मोठ्या माठासाठी याच्याइतका चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही. आकाराची पद्धतही मातीशी जुळलेली आहे: चाकावर जाड अंगाचे लहान भांडे उठवायचे, थोडे वाळू द्यायचे आणि मग आतून गोल दगडाचा आधार देत बाहेरून लाकडी थापीने ठोकत ते मोठे व पातळ करायचे. ठोकण्याने कण दाबले जातात, आणि जे भांडे फक्त चाकावर ओढले असते तर तडकले असते ते टिकते. तुमच्या वाट्यांना आणखी एक गोष्ट नडली असावी, ती म्हणजे तळ जाड आणि कड पातळ. कड आधी वाळते, आकसते, आणि ओला तळ तिला आकसू देत नाही. कडेवर ओल्या फडक्याची पट्टी ठेवा, भांडे अर्धे वाळले की उलटे करा आणि पहिले तीन दिवस त्यावर पिशवी झाकलेली असू द्या. वाऱ्याच्या झोतात काळी माती वाळवू नये. पंख्याखाली तर नाहीच.

चुनखडीबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण या मातीत सर्वांत मोठा दगा तीच देते आणि तोही उशिरा. भट्टीत साधारण ६५० ते ९०० अंशांच्या दरम्यान चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. भांडे भट्टीतून सुंदर निघते. नंतर हवेतला ओलावा शोषून तो चुना फुगतो आणि भांड्याचा पापुद्रा उडवतो. खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की समजावे. माझ्या चाळीस पेल्यांची एक खेप मे महिन्यात निर्दोष होती, आणि जूनचा पहिला पाऊस झाल्यावर मांडणीवरून रात्री टकटक आवाज येऊ लागले. म्हणून आता मी भाजलेली पट्टी कुकरमध्ये तासभर वाफेवर ठेवतो. जे पावसाळ्यात व्हायचे ते त्याच संध्याकाळी होते. बारीक चाळणी हा पहिला उपाय. दुसरा म्हणजे भट्टीतून काढलेली भांडी हाताला सोसवतील इतकी गार होताच पाण्यात पूर्ण बुडवून ठेवणे, म्हणजे चुना भरपूर पाण्यात विरून मऊ होतो आणि पापुद्रा उडवण्याइतका जोर त्याच्यात राहत नाही. मातीत मीठ घालण्याचा एक जुना उपायही सांगितला जातो, परंतु विजेच्या भट्टीत तो करू नये, कारण मिठाची वाफ तारा खाते.

आता भाजणी. तुमच्या मातीच्या पट्ट्या ८५०, ९००, ९५०, १०००, १०५० आणि ११०० अंशांना वेगवेगळ्या भाजाव्यात. प्रत्येक पट्टी स्टोनवेअर मातीच्या वाडग्यात ठेवावी, म्हणजे वितळली तरी शेल्फ वाचते. स्टुडिओवाल्यांना हा वाडगा आधी दाखवलात तर ते पुन्हा भट्टीत जागा देतील. एक पट्टी दोन टोकांवर टेकवून मधला भाग अधांतरी ठेवा. ज्या तापमानाला ती मध्ये झुकू लागते ती तुमच्या मातीची वरची मर्यादा समजा आणि भांडी त्याच्या निदान ५० अंश खाली भाजा. पाणी शोषणे मोजण्यासाठी भाजलेली पट्टी आधी कोरडी असताना वजन करा, दोन तास पाण्यात उकळा, त्याच पाण्यात गार होऊ द्या, पुसून पुन्हा वजन करा. वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून शंभरने गुणले की टक्केवारी येते. माझ्या मातीत ९५० च्या आसपास हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या जवळ असते, म्हणजे ते सच्छिद्र टेराकोटाच आहे. १०५० नंतर ते झपाट्याने उतरते, पण त्याच वेळी पट्टी फुगू आणि वाकू लागते. ‘अजून थोडा ताप दिला तर घट्ट होईल’ हा मोह या मातीत महागात पडतो, कारण घट्ट होणे आणि कोसळणे यांत इथे अंतरच फार कमी आहे.

भट्टी चढवताना १२० अंशांपर्यंत अतिशय सावकाश जा. काळी माती वरून कोरडी दिसली तरी पापुद्र्यांतले पाणी धरून असते, आणि घाई केली तर भांडे फुटते. वाळू घातली असेल तर ५७३ अंशांच्या आसपास क्वार्ट्झ आकार बदलतो, तेव्हा चढताना आणि विशेषतः उतरताना तिथे संथ राहावे. ८५० ते ९०० च्या दरम्यान तासभर थांबणेही आवश्यक आहे, कारण या मातीतला सेंद्रिय कार्बन जळून जायला वेळ आणि हवा लागते. भांडे फोडून पाहिल्यावर मध्ये काळा पट्टा दिसला तर तो वेळ कमी पडला असे समजावे. कुंभाराच्या आव्यात तापमान यापेक्षा बरेच कमी असते आणि पणत्या, सुगडी, माठ त्यातच उत्तम होतात. संक्रांतीचे काळे सुगड धुरात कोंडून काळे केलेले असते; मातीतले लोह हवा मिळाली की लाल होते आणि धुरात काळे, त्यासाठी वेगळा रंग लागत नाही.

तयार माती घ्यावी का, याचे माझे उत्तर ‘दोन्ही’ असे आहे. चाकावर मातीचा गोळा मध्यावर आणणे, भिंत उठवणे, कड सांभाळणे ही हाताची शिकवण तयार मातीवर लवकर होते, आणि ती होईपर्यंत रानमातीवर चाकाचे काम करणे म्हणजे सायकल शिकायला घाट निवडणे होय. मात्र शेतातल्या मातीची पट्ट्यांची वही पहिल्या दिवसापासून समांतर चालू ठेवावी. पुढे तयार अग्निजित मातीत तुमची चाळलेली काळी माती २० ते ३० टक्के मिसळून पाहा. रंग तुमच्या शिवाराचा येतो आणि ताप थोडा अधिक सोसला जातो, अर्थात तेही पट्ट्यांवर सिद्ध झाल्यावरच. रीतसर प्रशिक्षण हवे असेल तर बेळगावजवळ खानापूरला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था आहे. त्याहून आधी मात्र जवळच्या कुंभारवाड्यात जा, ते माती कुठून आणतात आणि त्यात काय घालतात ते विचारा, आणि वेळेचा मोबदला द्या.

त्या वितळलेल्या वाटीकडेही पुन्हा एकदा पाहा. शेल्फवर जो तपकिरी-काळा, चकचकीत थर झाला आहे, तो ग्लेझच, म्हणजे भांड्यावर देतात तसा काचेसारखा लेपच आहे. अमेरिकेत हडसन नदीच्या खोऱ्यातला, ऑल्बनीचा गाळ दीडशेहून अधिक वर्षे स्टोनवेअरवर नुसता लेपून याच कामासाठी वापरला गेला. तुमची ६० ऐवजी १०० मेशमधून गाळलेली माती, तिच्यात धुतलेली आणि चाळलेली लाकडाची राख २०, ३० व ४० टक्के मिसळून, तयार स्टोनवेअरच्या उभ्या पट्टीवर १२२० ला भाजून पाहा. नुसती कच्ची माती लेपली तर लेपही वाळताना तडकतो आणि भाजताना गोळा होतो, म्हणून निम्मी माती वर सांगितल्याप्रमाणे ७०० ला भाजून घ्यावी. पट्टीखाली तोच वाडगा ठेवायला विसरू नका.

राहिला चहा. तुमच्या मातीचा ९५० अंशांना भाजलेला, ग्लेझ नसलेला पेला चहा शोषून घेईल, हळूहळू झिरपेल आणि धुतला तरी आत दुधाचा अंश राहून वास येईल. एकदा पिऊन टाकून देण्याच्या कुल्हडासाठी ते चालते, पाण्यासाठी तर उत्तमच. रोजच्या चहाच्या पेल्यासाठी नाही. कमी तापमानाची बाजारू ग्लेझ लावायची असेल तर ती शिसेविरहित आणि खाद्यपदार्थांसाठी योग्य असल्याची उत्पादकाची लेखी माहिती मिळवा, आणि तरीही त्यात लोणचे, चिंच, ताक असे आंबट पदार्थ ठेवू नका. रोजचा पेला हवाच असेल तर तो तयार स्टोनवेअर मातीचा करा आणि वरून लेप तुमच्या शेतातल्या मातीचा द्या. प्रत्येक मिश्रणाचा एक पेला भाजल्यावर त्यात रात्रभर व्हिनेगर भरून ठेवा. सकाळी ग्लेझचा रंग किंवा चकाकी बदललेली दिसली, तर ते मिश्रण पेल्याच्या आतल्या बाजूला वापरू नका.